सेवाकार्याला पैसा कुठून आणायचा? मराठी मंडळ्यांच्या पास्टोरेट कमिट्यांना खुले पत्र

प्रति,
अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, जालना, सोलापूर व पुणे परिसरातील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या पास्टोरेट कमिट्या, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समित्या
(पाळकसाहेब, सेक्रेटरी, खजिनदार आणि सर्व सभासद)

ख्रिस्तात सलाम.

वार्षिक सभेपुढे येणाऱ्या अंदाजपत्रकात 'सेवाकार्य' हे सदर बहुतेक मंडळ्यांत सगळ्यात खाली असते. त्याच्यासमोर बऱ्याचदा आकडाही नसतो, 'निधी उपलब्ध झाल्यास' एवढेच लिहिलेले असते. तो निधी कुणी उपलब्ध करायचा हे मात्र कुठेच लिहिलेले नसते. म्हणून वर्ष संपते, सदर कोरे राहते आणि पुढच्या वर्षी तीच ओळ पुन्हा टाइप होते.

परदेशी मिशनकडून ग्रँट यायची ते दिवस गेले. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात वेगवेगळे प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, त्यालाही आता अर्धशतक उलटले. तरी 'बाहेरून काही येते का बघू' ही सवय सुटलेली नाही. आमचे म्हणणे उलटे आहे. लहान मंडळीने बाहेरचा पैसा सगळ्यात शेवटी शोधावा. आधी आपल्याच सभासदांचा छोटा पण नेमाचा पैसा, मग सरकारने आधीच मंजूर केलेला आणि लोकांपर्यंत न पोचलेला पैसा, आणि त्यानंतर देणगीदार.

आधी हिशेब मांडू. उदाहरणादाखल ११० कुटुंबांची मंडळी घ्या. रविवारचे दानार्पण सरासरी ४,५०० रुपये, म्हणजे महिन्याला साधारण १९,५००. पाळकांचे मानधन आणि डायोसिसचा (बिशपच्या धर्मप्रांताचा) वाटा मिळून १४,०००, वीज-पाणी १,८००, झाडलोट करणाऱ्याचे २,०००, किरकोळ दुरुस्ती १,०००. उरले ७००. या ७०० मधून सेवाकार्य होत नाही आणि ते करायला जाऊही नये. कारण ज्या महिन्यात पंखा जळतो त्या महिन्यात सेवाकार्याला कात्री लागते, आणि एकदा खंड पडलेले काम पुन्हा उभे करणे नवे सुरू करण्यापेक्षा अवघड असते. म्हणून पहिली गोष्ट: सेवा निधी वेगळा. रोजकीर्दीत वेगळे सदर, शक्य असेल तर बँकेत वेगळे खाते, आणि त्यातून इमारतीसाठी 'तात्पुरती उचल' घ्यायची नाही असा लेखी ठराव. तात्पुरती उचल परत आलेली आम्ही फारशी पाहिलेली नाही.

आता काम किती मोठे घ्यायचे? वस्तीतल्या २५ मुलांसाठी संध्याकाळची दोन तासांची अभ्यासिका धरू. शिकवणाऱ्या पदवीधर मुलीला महिना ३,००० मानधन. खाऊ म्हणून प्रत्येकी ३० ग्रॅम फुटाणे आणि १५ ग्रॅम गूळ. महिन्यात २२ दिवस धरले तर साडेसोळा किलो फुटाणे आणि सव्वाआठ किलो गूळ, किरकोळ भावाने साधारण २,६००. वह्या, खडू, एलईडी दिवे मिळून ५००. एकूण ६,१००. जून ते मार्च असे दहा महिने चालवली तर ६१,००० रुपये.

३५ कुटुंबांनी, म्हणजे दर तीन घरांतल्या एकाने, महिना १०० रुपये दिले तर वर्षाचे ४२,००० होतात. राहिलेले १९,००० हंगामाच्या सणातून (पीक आल्यावरची उपासना आणि अर्पण केलेल्या वस्तूंचा लिलाव) आणि नाताळच्या घरोघरच्या फेरीतून काढायचे. वर्गणी जानेवारीत सुरू करा, अभ्यासिका जूनमध्ये. मेअखेर १७,५०० हातात असतात, म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांची बेगमी. ही बेगमी नसताना सुरू केलेल्या अभ्यासिका दिवाळीच्या सुट्टीत बंद पडतात आणि पुन्हा उघडत नाहीत. मानधन दोन महिने थकले की शिकवणारी दुसरीकडे जाते, आणि त्यात तिची काही चूक नसते.

वर्षाचे १,२०० एकदम मागू नका. रोजंदारीवरच्या घराला १०० जमतात, १,२०० जमत नाहीत. आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपापल्या ऐपतीप्रमाणे बाजूला काढून ठेवा, असे बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला सांगितले ते याच व्यवहारी कारणाने: तो आल्यावर धावपळ होऊ नये. मासिक वर्गणीला साधारण चौथ्या महिन्यात गळती लागते. त्यावर उपाय साधा आहे. बारा चौकटींचे एक कार्ड, महिन्याचा पहिला रविवार ठरलेला, आणि त्या दिवशी न आलेल्यांच्या घरी महिला मंडळाच्या दोघींनी त्याच आठवड्यात जाऊन येणे. व्यासपीठावरून थकबाकीदारांची नावे वाचणे हा उपाय नव्हे. त्याने शंभर रुपये मिळतील, पण ते कुटुंब जाईल.

ज्यांना शंभरही जड आहेत त्यांच्यासाठी मूठभर धान्य. मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन मंडळीत बायका प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढतात, त्याला 'बुहफाई थाम' म्हणतात, आणि त्यावर तिथे मोठी कामे उभी राहिली आहेत. मोठ्या माणसाची मूठ साधारण ४५ ग्रॅमची धरा. ६० घरांनी रोज एक मूठ काढली तर महिन्याला ८१ किलो धान्य होते. आपल्याकडे हे दोन ठिकाणी फसते. एकाच डब्यात ज्वारी, बाजरी, कोलम आणि जाडा तांदूळ पडतो, आणि ते मिश्रण ना शिजवता येते ना विकता येते. आणि गोळा करायला कुणी दोन महिने फिरकत नाही, तोवर सोंडे पडतात. प्रत्येक घराला एकच धान्य नेमून द्या, दर महिन्याला उचला, चाळून त्याच महिन्यात संपवा. एक सावधगिरी: रेशनचे धान्य विकणे गुन्हा आहे. ते लिलावात किंवा दुकानात जाता कामा नये.

लिलावावरून हंगामाच्या सणाकडे येऊ, कारण मराठी मंडळीच्या हातातले हे सगळ्यात कसदार साधन आहे आणि सगळ्यात गचाळपणे वापरले जाणारेही. वेदीपुढे ऊस, कणसे, भोपळे, कोंबड्या, अंड्यांची टोपली, केक मांडलेले असतात. उपासना संपली की एकजण टेबलावर चढतो. एक लिंबू पन्नासावरून पाचशेवर जाते, घेणारा ते परत मंडळीला देतो, पुन्हा बोली लागते, टाळ्या पडतात. कोपऱ्यात एक मुलगा वहीच्या मागच्या पानावर नावे लिहीत असतो: 'काका ५००, भोपळा ३००, मावशी २०० (नंतर)'. संध्याकाळी जाहीर होते, लिलावात अठ्ठावीस हजार. प्रत्यक्ष हातात आलेले असतात अकरा. उरलेले त्या 'नंतर'मध्ये.

हे सुधारायला पैसे लागत नाहीत. लिलावाच्या टेबलाशेजारी दुसरे टेबल ठेवा, त्यावर दोघे बसवा, एक पावतीपुस्तक आणि मंडळीच्या खात्याचा क्यूआर. बोली तुटली की वस्तू आधी त्या टेबलावर जाते. पैसे भरल्यावरच घेणाऱ्याच्या हातात. ज्याला खरोखर उधार हवे त्याच्यासाठी वेगळे पान, सही आणि पंधरा दिवसांची मुदत. वस्तू लहान करा: दहा किलोचे पोते एकालाच परवडते, दोन-दोन किलोच्या पाच पिशव्यांना पाच बोली लागतात. जिवंत कोंबड्या आधी काढा, नाहीतर उन्हात त्यांचे हाल होतात आणि भावही पडतो. आणि सगळ्यात महत्त्वाचे, लिलाव सुरू होण्याआधी सांगा की यातला निम्मा पैसा सेवा निधीत जाणार. नंतर सांगितले तर ज्यांनी छताच्या पत्र्यासाठी म्हणून बोली लावली ते रागावतील, आणि त्यांचा राग बरोबरच असेल.

नाताळ फेरीचेही तेच. घरोघर मिळणारी पाकिटे तरुण संघाच्या सहलीत आणि चहा-फराळात जिरतात. सहलीला आमचा विरोध नाही, पण वाटा आधी ठरवा. नाताळच्या मंडपावर आणि रोषणाईवर कमिटी जो खर्च करते त्याचा दहावा भाग तिनेच सेवा निधीत टाकावा. सभासदांना दशांश शिकवणाऱ्या कमिटीला हे जड जाऊ नये.

पैसा येऊ लागला की मोजणे आले. थैलीतले पैसे उपासनेनंतर तिथेच, एकमेकांचे नातेवाईक नसलेल्या दोघांनी मोजावेत, नोटांच्या किमतीनुसार चिठ्ठी करून दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि सोमवारी बँकेत भरावेत. क्यूआर कोड खजिनदाराच्या स्वतःच्या मोबाइलचा चालणार नाही. तो पैसा कागदोपत्री त्याचे उत्पन्न दिसतो, आणि खजिनदार बदलला की जुन्या क्यूआरचे स्टिकर भिंतीवर तसेच राहतात. बँक खात्याची अडचण वेगळी असते. स्थानिक मंडळी बहुधा स्वतंत्र ट्रस्ट नसते, ती डायोसिसच्या नोंदणीखाली चालते. म्हणून खाते उघडताना डायोसिसचे पत्र आणि कमिटीचा ठराव दोन्ही लागतात. जिथे ट्रस्ट आपला आहे तिथे विश्वस्त बदलल्यापासून ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो वर्षानुवर्षे राहिल्यामुळे मयत विश्वस्तांची नावे नोंदवहीत कायम राहतात आणि बँक नव्या सह्या घेत नाही. पैसा असतो, पण काढता येत नाही.

आता दुसरा मार्ग. पास्टोरेट कमिट्यांचे याकडे जवळजवळ लक्षच नाही, आणि आमच्या मते सगळ्यात मोठी रक्कम इथेच आहे.

संजय गांधी निराधार योजनेत विधवेला महिना १,५०० रुपये मिळतात, वर्षाचे १८,०००. मंडळीच्या आसपासच्या दहा पात्र बायकांची प्रकरणे मंजूर झाली तर वर्षाला १,८०,००० रुपये त्यांच्या घरी येतात. वर मांडलेल्या अभ्यासिकेच्या खर्चाच्या हे जवळजवळ तिप्पट आहे. मंडळीला त्यासाठी लागतो तो एका कार्यकर्त्याचा एसटीचा आणि झेरॉक्सचा खर्च. महिना ८०० धरा. प्रकरणे अडतात कुठे? कौटुंबिक वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे, दिव्यांगांसाठी ५०,०००. तलाठ्याकडे जाऊन कमावत्या मुलाच्या नावासकट उत्पन्नाचा दाखला काढला की आकडा वर जातो आणि अर्ज बाद होतो. मुलगा खरोखर विभक्त असेल तर आधी रेशनकार्ड वेगळे करावे लागते. तो विभक्त नसेल तर अर्ज करू नका. मंडळीच्या नावाने खोटा दाखला निघाला की पुढच्या दहा खऱ्या अर्जांकडे तहसील कार्यालय संशयाने पाहते. पतीच्या मृत्यूचा दाखला, आधारला जोडलेले बँक खाते आणि दर वर्षीचा हयातीचा दाखला, या तीन गोष्टींची प्रत्येक लाभार्थीमागे एक फाइल ठेवा. मंजूर झालेले अनुदान बंद पडते ते बहुतेक हयातीच्या दाखल्यामुळेच. वय ६५ झाले की श्रावणबाळ योजना पाहायची.

दवाखान्याचे बिल हे मंडळीपुढे येणारे सगळ्यात अवघड मागणे. कुणाच्या तरी ऑपरेशनसाठी थैली फिरते, सहा-सात हजार जमतात, बिल लाखाचे असते. धर्मादाय नोंदणी असलेल्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात; त्यासाठी त्यांच्याकडे बिलांच्या २ टक्के रकमेचा वेगळा निधी असतो. रेशनकार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकाला भरती होतानाच भेटायचे. डिस्चार्जच्या दिवशी अंतिम बिल हातात आल्यावर गेलात तर फारसे काही होत नाही. जवळचे कोणते रुग्णालय या योजनेत आहे आणि कोणते महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे, हा एक कागद पाळकांच्या टेबलावर कायम हवा.

विम्याचे तर हसू यावे इतके स्वस्त आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वयाच्या माणसाला वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी २ लाखांचे संरक्षण मिळते. हप्ता त्याच्याच खात्यातून मेच्या शेवटच्या आठवड्यात कापला जातो. मंडळीला तो परस्पर भरता येत नाही, पण खात्यात शिल्लक नाही म्हणून पॉलिसी बंद पडते, ते थांबवता येते: मेच्या तिसऱ्या रविवारी जाहिरातींच्या वेळी एवढेच सांगायचे की खात्यात शंभर रुपये ठेवा. अपघात झाला तर पोलिसांचे कागद लागतात. सर्पदंश किंवा झाडावरून पडणे असेल तर रुग्णालयाची तत्काळ नोंद लागते. मांत्रिकाकडे किंवा नुसत्या प्रार्थनेसाठी नेले आणि रुग्णालयात नेलेच नाही, तर माणूसही जातो आणि दावाही.

शिष्यवृत्तीबद्दल थोडे. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना महाराष्ट्रात ओबीसी यादीत स्थान आहे. त्या जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा व रहिवासाचा पुरावा मागतात, आणि तो बऱ्याच घरांत नसतो. असतो तो बंद पडलेल्या मिशन शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, आणि ते रजिस्टर असते चर्चच्या मागच्या खोलीत, वाळवी लागलेल्या कपाटात. ते आजच बाहेर काढा, पान न् पान मोबाइलवर स्कॅन करून ठेवा. कित्येक मुलांची फी त्या पानांवर अवलंबून आहे.

बाहेरच्या देणग्यांबद्दल आता थोडक्यात, कारण गैरसमज जास्त आणि पैसा कमी आहे. सभासद पहिले विचारतात, '८०जी आहे का?', म्हणजे देणगीवर आयकरात वजावट मिळेल का. धार्मिक ट्रस्टला ती नोंदणी मिळत नाही. सर्व धर्मांच्या लोकांसाठी काम करणारी वेगळी संस्था लागते. आयकराचा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत, म्हणून सीएकडून नवे फॉर्म समजून घ्या. पण मूळ मुद्दा असा की नव्या करप्रणालीत असलेल्या पगारदाराला या वजावटीचा फायदाच नाही, आणि आता बहुतेक सभासद त्याच प्रणालीत आहेत. शिवाय २,००० रुपयांवरची रोख देणगी वजावटीला चालत नाही. वेगळी संस्था म्हणजे दर वर्षी ऑडिट, विवरणपत्र, बदल अर्ज. वर्षाला दोन-तीन लाखांचे काम नसेल तर एकट्या मंडळीने तो पसारा मांडू नये. तालुक्यातल्या पाच-सहा मंडळ्यांनी मिळून मांडावा. संस्था झाली की प्रत्येक देणगीला नाव-पत्त्यासह पावती द्या. निनावी देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या तर अशा संस्थेला त्यावर ३० टक्के कर बसतो.

एमआयडीसीतल्या कंपनीकडे सीएसआरसाठी (कायद्याने कंपनीने समाजकार्यावर करायच्या खर्चासाठी) जाणार असाल तर आधी हे बघा की तिला तो कायदा लागू तरी आहे का: निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक तरी हवे. लागू असेल तर तुमच्या संस्थेची सीएसआर-१ नोंदणी, १२ए (संस्थेच्या आयकर सवलतीची) आणि ८०जी नोंदणी आणि तीन वर्षांचे काम विचारले जाते. लहान कारखानदाराकडे पैसे मागण्यापेक्षा वस्तू मागा: जुने बाक, पंखे, दोन संगणक. तो लवकर देतो.

परदेशातले नातेवाईक हा नाजूक विषय. एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी नसलेल्या मंडळीने परदेशी पैसा घ्यायचाच नाही, एक डॉलरही नाही. पण भारतीय पासपोर्टवर दुबईत किंवा लंडनमध्ये नोकरी करणाऱ्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्गे दिलेली देणगी परदेशी धरली जात नाही. पासपोर्टची प्रत घेऊन पावती फाडा. तोच माणूस अमेरिकेचा नागरिक झाला की ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाचे) कार्ड असले तरी त्याचा पैसा परदेशीच. आडनाव तेच, गाव तेच, तरीही. २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणीकृत संस्थेलाही असा पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, तेव्हा 'त्यांच्या खात्यात मागवू आणि मग घेऊ' हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

आणि जमीन. कंपाउंडची जागा दीर्घ मुदतीने देऊन निधी उभारण्याची कल्पना दर दोन वर्षांनी निघते. बिगरशेतीची जागा तीन वर्षांपेक्षा जास्त आणि शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते; विक्रीला तर लागतेच. आमचे मत विचाराल तर सेवाकार्यासाठी जमिनीला हात लावू नका. सभागृह दिवसाच्या भाड्याने द्या, तेवढे पुरे.

मदतीच्या पिशवीत पत्रक घालू नका. शिधा म्हणजे शिधा. पत्रक घातले की सीएसआरची दारे बंद होतात, वस्तीत शंका येते, आणि घेणाऱ्याला मिंधे वाटते.

डायोसिसकडेही एक मागणे आहे. सेवा निधीत जमा झालेली रक्कम वाटा ठरवताना मंडळीच्या उत्पन्नात धरू नये. आज ती धरली जाईल या भीतीने काही मंडळ्या हा पैसा वहीतच आणत नाहीत, आणि वहीबाहेरचा पैसा कधीच नीट खर्च होत नाही.

येत्या वार्षिक सभेत मांडायला ठरावाचा मसुदा देत आहोत. गरजेप्रमाणे आकडे बदलावेत:

'मंडळीचा सेवा निधी स्वतंत्र ठेवण्यात यावा. त्यात मासिक वर्गणी, हंगामाच्या सणाच्या लिलावातील निम्मी रक्कम आणि नाताळ खर्चाचा दहावा भाग जमा व्हावा. या निधीतून अन्य कारणासाठी उचल घेऊ नये. निधीचा जमाखर्च दर तीन महिन्यांनी सूचना फलकावर लावावा. शासकीय योजनांच्या कागदपत्रांसाठी दोन कार्यकर्ते, त्यांपैकी किमान एक महिला, नेमण्यात यावेत आणि त्यांचा प्रवासखर्च या निधीतून दरमहा देण्यात यावा.'

सूचक, अनुमोदक आणि उपस्थितांची संख्या लिहायला विसरू नका. बँक आधी तेच पाहते. ठरावाची एक प्रत डायोसिसला पाठवा.

आपले,
मंडळ्यांचे हिशेब लिहिणारे व तपासणारे काही सभासद